निश्चय आणि मोकळेपणा : पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील एक प्रश्न
(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



मूल दहा-बारा वर्षांचे झाले की कधीतरी देवाविषयी प्रश्न विचारू लागते. आजी एकादशी धरते, आई धरत नाही. मग बरोबर कोण? शेजारच्या घरी मूर्ती नाही, आपल्या घरी आहे. मग देव कोणाकडे? प्रश्न साधे असतात, पण मोठ्यांची त्रेधा उडते. बहुतेक घरांत दोनपैकी एक उत्तर मिळते. एक तर मुलाला दटावून गप्प केले जाते, नाहीतर ‘सगळे धर्म सारखेच’ असे म्हणून विषय मिटवला जातो. पहिल्या उत्तरात निश्चय असतो, पण मुलाला जागा नसते. दुसऱ्या उत्तरात जागा असल्याचा भास होतो, पण सांगणाऱ्याचा स्वतःचा विश्वास कशावर आहे ते मुलाला कळत नाही. धर्माविषयी स्वतःचे मत ठाम असणे आणि दुसऱ्याच्या मनाला मोकळीक देणे या दोन गोष्टी एका माणसात एकत्र नांदू शकतात काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ तत्त्वचर्चेने सुटणारा नाही. तो जगून पाहिलेल्या माणसांकडेच त्यासाठी जावे लागते. मराठी समाजात अशी माणसे पुष्कळ झाली. परंतु ज्यांना हा प्रश्न एकदा शिष्येच्या बाजूने आणि एकदा पालकाच्या बाजूने सोडवावा लागला, अशी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कडवे वैष्णव. व्रते, तीर्थयात्रा, दानधर्म यांवर त्यांची अढळ श्रद्धा होती. तरीही पत्नीला संस्कृत शिकवण्याचा त्यांनी ध्यास घेतला. स्त्रीला देवभाषा शिकवणे हा त्या काळी अपराध मानला जाई आणि त्याबद्दल उडुपीच्या माध्व पंडितांपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी शास्त्र सोडले नाही. शास्त्राच्याच आधारे आपली बाजू मांडली. मात्र वेदांचा अधिकार स्त्रीला नाही ही मर्यादा त्यांनीही पाळली. त्यांचा मोकळेपणा त्यांच्या श्रद्धेच्या कुंपणाच्या आत होता, पण त्या कुंपणाच्या आत तो खरा होता. लक्ष्मीबाई पतीकडून शिकल्या आणि रमाबाई आईकडून.

पुढे हे कुटुंब पुराणे सांगत देशभर फिरले. जवळ होते ते सारे दानधर्मात गेले. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा हाती काही उरले नव्हते. उपासमारीत आधी वडील गेले, मागोमाग आई आणि थोरली बहीण. शास्त्रात सांगितलेले सारे काही निष्ठेने केले होते, मग फळ असे का, हा प्रश्न रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास यांच्या मनात इथे रुजला. त्यांनी तो दाबला नाही. दोघे भाऊबहीण उत्तरेकडे पायी चालत राहिले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले.

कलकत्त्याच्या विद्वानांनी त्या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तिथेच ब्राह्मसमाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत ठेवली. वडिलांनी जे दार बंद ठेवले होते ते असे उघडले. श्रीनिवासांच्या मृत्यूनंतर १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. आसामकडील सिल्चर येथे त्यांच्या घरच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. तिचा आणि ख्रिस्ती धर्माचा परिचय वाढू लागला तेव्हा पतीला ते फारसे रुचले नाही. १८८२ मध्ये पतीचे निधन झाले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि पुढच्या वर्षी वैद्यकीच्या शिक्षणाच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथवरची हकिकत अनेकांना ठाऊक असते. कोणी ती धर्मांतराची कथा म्हणून अभिमानाने सांगतो, कोणी दुःखाने. दोघांच्याही सांगण्यात कथा बाप्तिस्म्यापाशी संपते. आपल्या विषयाच्या दृष्टीने ती तिथून पुढे सुरू होते.

वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. त्या दोघींचा आणि इतरांचा पत्रव्यवहार जेराल्डिनबाईंनीच जपून ठेवला आणि तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. ही पत्रे वाचताना एक गोष्ट लगेच ध्यानात येते. नवा धर्म स्वीकारलेली ही पंचविशीतील विधवा, परक्या देशात, परक्यांच्या अन्नावर राहत होती; तरीही प्रत्येक गोष्टीची कारणे विचारत होती. तिने मांसाहार स्वीकारला नाही. धर्मभगिनींना त्यात जातीचा जुना अभिमान दिसला. क्रुसावर लॅटिन शब्द असावेत असे ठरले तेव्हा, संस्कृतापेक्षा लॅटिनमध्ये अधिक पावित्र्य कसले, असे तिने विचारले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिन्ही मिळून एकच ईश्वर, हा त्रैक्याचा सिद्धांत तिला पटेना. आणि पटल्यावाचून तो उच्चारायला ती तयार नव्हती. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मानेवर घेणार नाही, असा तिचा स्पष्ट अभिप्राय होता. ज्या सिद्धांताविषयी आईची खात्री पटलेली नाही, तो मुलीला शिकवू नये, असाही तिचा आग्रह होता. मनोरमेचा सांभाळ बराच काळ त्या मठाकडे होता, म्हणून हा आग्रह सोपा नव्हता.

जेराल्डिनबाई दुष्ट नव्हत्या. मनोरमेवर त्यांची माया होती आणि रमाबाईंच्या आत्म्याची त्यांना खरीखुरी काळजी होती. पण शिष्येचा प्रश्न त्यांना अहंकार वाटे, आणि ज्याने दिले त्याचे ऐकलेच पाहिजे, असा सूर त्यांच्या लिहिण्यात पुन्हा पुन्हा उमटे. याउलट चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांचा सूर होता. त्याही निष्ठावंत ख्रिस्ती होत्या. त्यांची श्रद्धा जेराल्डिनबाईंपेक्षा पातळ होती असे मुळीच नाही. परंतु शंका हा विचार करणाऱ्या मनाचा धर्म आहे हे ओळखून त्या उत्तरे देत, आपले मत सांगत आणि थांबत. एकाच पंथाच्या, सारख्याच श्रद्धेच्या या दोन स्त्रिया. एकीचा निश्चय शिष्येला बांधू पाहत होता, दुसरीचा तिला सोबत करत होता. मोकळेपणा श्रद्धेच्या कमी-अधिक प्रमाणावर अवलंबून नसतो, हे दाखवण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

मग रमाबाईंना स्वतःला निश्चय नव्हता काय? तसे मुळीच नव्हते. ईश्वर आहे, तो दयाळू आहे, त्याच्यासमोर स्त्री आणि शूद्र कमी नाहीत, ख्रिस्ताच्या मार्गाने जायचे आहे, याविषयी त्या निःशंक होत्या आणि त्यासाठी मायदेशातील लौकिक गमावण्याचीही त्यांची तयारी होती. मात्र या निश्चयाची व्याख्या दुसऱ्याने लिहून द्यावी हे त्यांना मान्य नव्हते. ज्या गोष्टीवर आयुष्य उभे करायचे तिथे त्या ठाम होत्या; जिथे बुद्धीला अजून वाट दिसत नव्हती तिथे तसे स्पष्ट सांगत होत्या. ‘अजून पटलेले नाही’ हे वाक्य धार्मिक माणसाच्या तोंडी शोभते, हे त्यांनी दाखवून दिले.

आता कथेची दुसरी बाजू. अमेरिकेत व्याख्याने देऊन आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहून त्यांनी मदत मिळवली. बॉस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षांच्या साहाय्याची हमी घेतली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. उच्चवर्णीय विधवा मुलींना शिक्षण आणि आसरा द्यावा, धर्मशिक्षण देऊ नये, ज्याचा त्याचा धर्म त्याला पाळू द्यावा, असे धोरण ठरले होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे प्रार्थनासमाजी पुढारी सल्लागार मंडळात होते. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. ११ मार्च १८९३ रोजी तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. तिचा हिंदू धर्म सदनात राहून कोठे हरवला नाही.

परंतु वाद पेटला. रमाबाई आपल्या खोलीत रोज प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झुकला. पुण्यात गवगवा झाला, ‘केसरी’ने सदनावर कडाडून टीका केली. पालकांच्या संमतीवाचून मुलींनी प्रार्थनेला बसणे हे ठरलेल्या धोरणात बसत नाही, असे म्हणून रानडे व भांडारकर यांनी १८९३ मध्ये सदनाशी असलेला संबंध तोडला. अनेक पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या. बॉस्टनचे मंडळ मात्र रमाबाईंच्या पाठीशी राहिले.

या वादात न्याय कोणाच्या बाजूला होता? रमाबाईंचे म्हणणे असे होते की घरात आई जशी उघडपणे पूजा करते तशी त्यांची प्रार्थना. ती लपवणे हे असत्य ठरेल, आणि आपणहून येणाऱ्या मुलीला दार लावून घेणे हा तिच्यावर अन्याय ठरेल. यात तथ्य होते. रानडे-भांडारकरांचे म्हणणे असे होते की मुली अल्पवयीन आहेत, धर्म शिकवला जाणार नाही या विश्वासावर त्या इथे पाठवल्या गेल्या आहेत आणि हा विश्वास मोडला तर स्त्रीशिक्षणाचे कामच मागे पडेल. यातही तथ्य होते. ते संकुचित वृत्तीचे गृहस्थ नव्हते. मूर्तिपूजेविरुद्ध आणि विधवाविवाहाच्या बाजूने त्यांनी स्वतः लोकापवाद सोसला होता.

इथे इतिहासाचा एक विलक्षण योग दिसतो. आईची खात्री नसलेला सिद्धांत मुलीला शिकवू नका, असे रमाबाईंनी इंग्लंडमध्ये मठाला बजावले होते. दहा वर्षे उलटण्यापूर्वी पुण्यातील पालक तोच हक्क त्यांच्याकडे मागत होते. त्याबरोबर दुसरी विसंगतीही सांगायला हवी. विधवेचे केशवपन करताना ज्या समाजाने तिची संमती विचारली नव्हती, तोच समाज आता तिच्या प्रार्थनेसाठी पालकांची संमती मागत होता. दोन्ही पक्षांच्या गदारोळात त्या मुलींना स्वतःला काय वाटते, हा प्रश्न मागे पडला.

उघड्या दाराचा प्रश्न त्याहून खोल आहे. रमाबाईंनी कोणावर सक्ती केली नाही, हे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. सासर-माहेरने टाकलेल्या मुलीला जी बाई जेवू घालते, शिकवते, आजारपणात उशाशी बसते, त्या बाईचे उघडे दार हे नुसते दार राहत नाही. कृतज्ञतेलाही ओढ असते. वाँटेजला स्वतः आश्रित असताना रमाबाईंना ही ओढ कळली होती आणि तिच्याशी झुंजून त्यांनी आपले मन राखले होते. पण त्यांच्याइतके बळ प्रत्येकीत कुठून असणार? आश्रय देणारा हात कितीही निर्मळ असो, त्या हाताचे वजन घेणाऱ्यालाच जाणवते. देणाऱ्याला ते जाणवत नाही. धर्माच्या बाबतीत मोकळेपणाची खरी परीक्षा बरोबरीच्या माणसांशी वाद घालताना होत नाही. जो आपल्यावर अवलंबून आहे, ज्याला आपल्याला ‘नाही’ म्हणणे अवघड आहे, त्याच्यासमोर ती होते.

शारदा सदनाच्या वादातून पुढे दोन प्रवाह निघाले. दहा वर्षांचा करार संपल्यावर रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात उघडपणे ख्रिस्ती संस्था चालवली, दुष्काळातील शेकडो अनाथ मुलींना जगवले आणि १९२२ मध्ये निधन होईपर्यंत बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचे काम केले. दुसरीकडे, समाजाचा विश्वास बसेल असे विधवागृह हवे ही निकड ओळखून कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे देशाने या प्रश्नाचे एक उत्तर कायद्यात लिहिले. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले. अनुच्छेद २८ नुसार संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीवाचून त्याला धर्मशिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही. रानडे-भांडारकरांनी ज्या मुद्द्यावर राजीनामे दिले, तोच मुद्दा १९५० पासून देशाच्या मूळ कायद्यात आहे.

परंतु कायदा शाळेच्या फाटकापर्यंत येतो. घराच्या उंबऱ्याच्या आत काय करावे ते तो सांगत नाही. त्यासाठी आणखी एक मराठी घर पाहावे लागेल.

कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई यांना सोबत न घेता उचललेले हे पाऊल त्यांच्यावर आकाश कोसळल्यासारखे होते. त्या काही वर्षे पतीपासून दूर, नातलगांच्या आधाराने राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण आपला धर्म घेऊनच. सोवळे-ओवळे, वेगळे पाणी, वेगळा स्वयंपाक हे सारे ख्रिस्ती पतीच्या घरी चालू राहिले. टिळकांचा ख्रिस्तावरील विश्वास प्रखर होता. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. तरीही पत्नीचा विटाळ आणि तिचा देव त्यांनी सोसला. माणसामाणसांत उच्चनीच देवाने केले नाही, माणसाने केले, या निष्कर्षाला लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने आल्या आणि एके दिवशी जातीचे बंधन त्यांनी आपणहून सोडले. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधली पाच वर्षे हा त्या संसाराचा खरा दागिना आहे. पुढे टिळकांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पूर्ण केले आणि ‘स्मृतिचित्रे’त हा सारा प्रवास हसत-रडत सांगितला. ते पुस्तक सर्व धर्मांच्या मराठी वाचकांनी आपले मानले. न पटलेल्या गोष्टी न पटलेल्या म्हणून सांगण्याची मुभा लेखिकेला घरात मिळाली होती, ती त्या लिहिण्यात उतरली आहे.

या साऱ्यातून आजच्या पालकांनी काय घ्यावे? महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबात हा प्रश्न रोजचा आहे. मुलाच्या बाकावर निराळ्या भाषेचा, निराळ्या देवाचा सोबती बसतो. घरात आषाढी असते, बाहेर दुसराच सण असतो. अशा मुलाला आईवडिलांचा धर्म धूसर करून देणे हा मोकळेपणा होत नाही. अनंतशास्त्र्यांच्या घरी संस्कृताचा ध्यास नसता तर रमाबाईंना प्रश्न विचारायला शब्दच मिळाले नसते. म्हणून पालकांनी आपली श्रद्धा उघडपणे, मनापासून पाळावी. मुलाने ती पाहावी, तिची कारणे विचारावीत.

मात्र तीन गोष्टींचे भान ठेवावे. मुलाचा प्रश्न हा उद्धटपणा समजू नये. बीलबाईंप्रमाणे उत्तर द्यावे आणि थांबावे. मूल गप्प बसले म्हणजे त्याला पटले असे धरू नये. आश्रिताच्या मौनाला अनेक अर्थ असतात. आणि तिसरी, सर्वांत अवघड गोष्ट : घासाची, मायेची किंवा शिक्षणाच्या खर्चाची अट विश्वासाला कधी घालू नये. सज्ञान मुलगा वा मुलगी निराळ्या श्रद्धेच्या घरी लग्न करते, किंवा कुळाचार सोडते, किंवा आईवडिलांनी सोडलेला कुळाचार पुन्हा धरते, तेव्हा या तिसऱ्या गोष्टीची कसोटी लागते. त्या वेळी ‘आम्हाला हे पटलेले नाही’ असे स्पष्ट सांगण्याचा हक्क आईवडिलांना आहे. मुलाचे ताट मांडलेलेच राहील, हे त्याच वाक्याच्या शेवटी सांगण्याचे कर्तव्यही त्यांचेच आहे.

शाळेलाही हेच लागू आहे. साठ वर्षांत ज्या हजारो मुलांनी या शाळेचे बाक झिजवले त्यांच्या घरचे देव्हारे सारखे नव्हते, काहींच्या घरी देव्हारा नव्हताच. शिक्षकाचा शब्द मुलाला घरच्या शब्दापेक्षाही मोठा वाटतो, आणि म्हणूनच श्रद्धेच्या विषयात तो शब्द जपून वापरावा लागतो. आपल्या मताशी न जुळणारे उत्तर देणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर भीती दिसत नसेल, तर त्या वर्गात निश्चय आणि मोकळेपणा हे दोन्ही एका बाकावर बसले आहेत, असे खुशाल समजावे.